सुलोचनाबाईंची लावणी आणि आमच्या तालुक्यातले तिचे श्रोते

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या कर्जत तालुक्यात 'लावणी' हा शब्द उच्चारला की माणसे आधी आभाळाकडे पाहतात. हा भाताचा मुलूख. मृगात पेरलेले रोप वीतभर वाढले की ते उपटायचे, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात नेऊन लावायच्या. या कामाला आमच्याकडे लावणी म्हणतात. गाण्याची लावणी त्यानंतरची. महाविद्यालयात आल्यावर मला तिसरी लावणी भेटली. ती उत्तर पेशवाईतल्या शाहिरांची. अनंत फंदी, रामजोशी, परशराम, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे पाठ करावी लागतात आणि परीक्षेत तिची वैशिष्ट्ये लिहावी लागतात. 'लावणी' या शब्दाचे मूळ कोणी 'लावण्य' या शब्दात शोधतात, तर कोणी शब्द एकापुढे एक लावणे, म्हणजे रचणे, या अर्थात शोधतात. रोप लावणे आणि शब्द लावणे ही एकाच जातीची कामे आहेत असे म्हटले, तर आमच्या गावातल्या बायकांना त्यात काही नवल वाटणार नाही.

या तिन्ही लावण्या मला एका ठिकाणी सापडल्या, त्या माझ्या आजीजवळ. वय पंचाहत्तरीच्या पुढे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. भाताची लावणी करताना कमरेत वाकलेली असते आणि तोंडाने गाण्याची लावणी गुणगुणत असते. ही लावणी कोणाची, असे विचारले की उत्तर ठरलेले: "सुलोचनाबाईची." ती कोणी लिहिली, चाल कोणी लावली, कोणत्या चित्रपटातली, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पुस्तकात लावणी रचणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते आणि आमच्या घरात ती गाणारणीच्या नावाने ओळखली जाते. हा फरक मला अभ्यास करण्यासारखा वाटला. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामुळे लावणी हा नाही, तर लावणीवर आणि एका गायिकेवर जीव टाकणारे श्रोते हा आहे.

यासाठी मी कर्जत, नेरळ आणि खोपोली भागातल्या काही वयस्क मंडळींशी बोलले. एक जुने गिरणी कामगार, लग्नमंडपात कर्णे लावणारे एक गृहस्थ, शेजारच्या वाडीतल्या दोन-तीन बायका, माझी आई आणि आजी. या लेखात त्यांची नावे नाहीत. त्यांतल्या दोन जणींनी तसे बजावलेच होते. "आवडते, पण आवडते असं छापू नको," असे त्यांचे शब्द. वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

गायिकेची ओळख

सुलोचना चव्हाण यांचा जन्म १९३३ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव कदम. बालपण गिरगावात गेले. लहान वयातच मेळ्यात काम करता करता त्या गाऊ लागल्या आणि लवकरच हिंदी चित्रपटांसाठी पार्श्वगायन करू लागल्या. 'सुलोचना कदम' या नावाने त्यांनी बरीच हिंदी गाणी गायिली. १९५१ सालच्या 'ढोलक' या चित्रपटातली, श्यामसुंदर यांच्या संगीतातली त्यांची गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे षौकीन आजही आवडीने ऐकतात. म्हणजे ही गायिका फडावर वाढलेली नाही. ती शहरातली, मध्यमवर्गीय वस्तीतली. लावणीकडे ती पार्श्वगायनाच्या वाटेने आली, हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

श्यामराव चव्हाण यांच्याशी विवाह झाल्यावर त्या सुलोचना चव्हाण झाल्या. लावणीतला शब्द कसा टाकायचा, कुठे थांबायचे, कुठे ठसका द्यायचा, हे श्यामरावांनी शिकवले आणि म्हणून त्या पतीलाच गुरू मानीत. 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी त्यांना आचार्य अत्रे यांनी दिली. एखादी पदवी नावाला इतकी चिकटावी की ती काढल्यास नाव अपुरे वाटावे, असे क्वचितच घडते.

खरा बहर आला तो १९६० नंतर. १९६२ सालच्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटात कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी त्यांनी गायिली. संगीत वसंत पवार यांचे आणि गीत जगदीश खेबुडकर यांचे. पेशाने शिक्षक असलेल्या खेबुडकरांचे चित्रपटगीतकार म्हणून नाव झाले ते या लावणीने. १९६४ साली अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका' आला आणि सोळाव्या वर्षाच्या धोक्याची लावणी गावोगाव पोहोचली. १९६५ च्या 'मल्हारी मार्तंड' मधली, उसाच्या फडाची राखण करायला सांगणारी लावणी ग. दि. माडगूळकरांची. अवघ्या तीन-चार वर्षांतल्या या गाण्यांनी ही गायिका महाराष्ट्राच्या घराघरांत नेली.

मानसन्मान मात्र सावकाश आले. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार २०१० साली, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यानंतर, आणि पद्मश्री २०२२ साली. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आमच्या तालुक्यातल्या श्रोत्यांनी त्यांना सम्राज्ञी मानले त्याला तोवर साठ वर्षे होत आली होती. दरबारी सन्मानाच्या आधी श्रोत्यांचा सन्मान येतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

आवाज इथवर कसा आला

कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे जंक्शन. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून इंजिने लावायची ती इथे. या रुळांनी आमच्या तालुक्याला मुंबईशी बांधून टाकले. खालापूर आणि कर्जतच्या खेड्यांतून कित्येक पुरुष लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला गेले. गावची शेती बायकांनी सांभाळली आणि शनिवारच्या रात्री गडी घरी आले. त्यांच्याबरोबर मुंबईची गाणी आली.

मी ज्यांच्याशी बोलले ते जुने कामगार १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर कायमचे गावी परतले. लालबागच्या हनुमान थिएटरात त्यांनी तमाशा पुष्कळ पाहिला. ते सांगतात, "थेटरात बाई दिसायची, म्हणून गाण्याकडं लक्ष कमी. सुलोचनाबाईचं गाणं खोलीवर रेडिओवर लागायचं. अंधारात वीस माणसं पडलेली, कोणी बोलायचं नाय. डोळे मिटले का बाई समोर उभी." ज्या माणसाने तमाशा समोर बसून पाहिला, तो न दिसणाऱ्या गायिकेबद्दल असे बोलतो, हे मला विशेष वाटले.

गावातल्या बायकांकडे हा आवाज आला तो दुसऱ्या वाटेने. तमाशाला बायकांनी जायचे नाही हा आमच्याकडे अलिखित कायदा. आजीने आयुष्यात एकही तमाशा पाहिलेला नाही. फड आला की ढोलकी कानी पडे आणि सासू दार लावून घेई. पण लग्नात आंब्याच्या झाडावर बांधलेला कर्णा सगळ्या वाडीला ऐकू जातो. त्याला दार लावता येत नाही. कर्णे लावणाऱ्या गृहस्थांनी मला लग्नातल्या रेकॉर्डींचा क्रम सांगितला. पहाटे गणपतीची आणि विठोबाची गाणी, हळदीला लग्नाची, वऱ्हाड येताना सनईची. जेवणावळी उठल्या आणि म्हातारी माणसे लवंडली की लावणी. "लावणी लावा असं कोणी मोठ्यानं सांगत नसे," ते म्हणाले. "एक पोरगं यायचं. मी विचारी, कोणी पाठवलं? ते सांगे, बायांनी." चुलीपाशी भांडी घासणाऱ्या बायकांनी पाठवलेला हा निरोप म्हणजे फर्माईशच. आकाशवाणीवर 'आपली आवड' मध्ये आवडीचे गाणे कळवणाऱ्या श्रोत्यांची नावे वाचीत. या बायकांचे नाव कोणी वाचले नाही. त्यांचा पुरावा एवढाच, की त्या गृहस्थांच्या जुन्या पेटीत सुलोचनाबाईंच्या रेकॉर्डी सर्वांत जास्त झिजलेल्या आहेत. एकीचा काळा रंग सुईने घासून घासून मधोमध पांढुरका झाला आहे. प्रेमाचे मोजमाप करायचे झाले, तर मला हे माप खरे वाटते.

पुढे कॅसेटी आल्या, आता मोबाईल आला. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्या फोनमध्ये पाच-सहा लावण्या आहेत आणि त्या सगळ्या साठ वर्षांपूर्वीच्या आहेत.

त्या आवाजात काय आहे

संगीताचे शास्त्र मी शिकलेले नाही, तरी पुन्हा पुन्हा ऐकून जे ध्यानात आले ते मांडते. पहिली गोष्ट म्हणजे शब्द. कर्ण्याचा आवाज फाटका असतो, त्यात वारा असतो, मंडपात गडबड असते. तरीही सुलोचनाबाईंचा एकही शब्द सांडत नाही. जोडाक्षर असो की ओळीच्या शेवटचे ऱ्हस्व अक्षर, ते ठणठणीत ऐकू येते. निरक्षर श्रोत्याला गाणे पाठ व्हायचे तर शब्द असाच यावा लागतो. आजीला पाठ असलेल्या लावण्यांत मी छापील शब्दांशी ताडून पाहिले, तर चूक जवळजवळ नाही.

दुसरी गोष्ट फेक. ओळीतला एखादा शब्द त्या किंचित मागे ओढतात आणि पुढचा शब्द झटक्यात टाकतात, की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. याला आमच्याकडे 'ठसका' म्हणतात. ठसका म्हणजे फोडणीचाही असतो, मिरचीचाही असतो. आजीचे मत असे: "बाईचा आवाज मिरचीवाणी आहे, पण नाकातोंडात जात नाय." संगीताच्या समीक्षकाला हेच सांगायला एक परिच्छेद लागला असता.

तिसरी गोष्ट ढोलकी. फडावरची लावणी ऐसपैस असते. झीलकरी मागून साथ देतात, नाचणारीला अदा करायला जागा असते, एक ओळ चार वेळा फिरते. रेकॉर्डीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. त्यात ढोलकीचा तोडा, तुणतुण्याचा सूर, दोन-तीन कडवी आणि शेवटची तिहाई, सगळे बसवायचे. नृत्य दिसत नाही, म्हणून मुरकणे, डोळा मोडणे, पाठ फिरवणे हे सगळे गळ्याने करावे लागते. सुलोचनाबाईंनी ते केले. पडद्यावर नाचली दुसरी कोणी, पण ज्यांनी चित्रपट पाहिलाच नाही त्यांनी नाच ऐकला. माझ्या मते त्यांची थोरवी इथे आहे.

पदराचा प्रश्न

आई म्हणाली, "त्या बाई दोन्ही खांद्यावर पदर घेऊन गायच्या, म्हणून आम्हाला ऐकता आलं." सुलोचनाबाईंचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले ते सर्व हेच सांगतात. अंगभर साडी, हातवारे नाहीत, एका जागी उभे राहून गाणे. गाण्यातली बाई एवढी धीट आणि गाणारी बाई घरच्या आत्याबाईसारखी. ज्यांना लावणी ऐकण्याची चोरी होती त्यांना या पदराने परवाना दिला. सासूला सांगता येई की गाणारी कोणी तसली नव्हे, संसारी बाई आहे.

परंतु इथेच अभ्यासकाने थांबून विचार केला पाहिजे. 'तसली' म्हणजे कोण?

लावणी फडावर ज्यांनी जगवली त्या बायका बहुतांशी कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या. विठाबाई नारायणगावकर यांचेच उदाहरण घ्यावे. जन्म १९३५, घराणे भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचे. प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, तंबूमागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० साली गौरवण्यात आले. लोकांनी त्यांच्यावर पैसे उधळले, शिट्ट्या मारल्या. तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले ते २००६ पासून. वाईच्या यमुनाबाई वाईकर शंभरीपार जगल्या. त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा, २०१२ साली, त्यांचे वय सत्त्याण्णवच्या आसपास होते.

म्हणजे प्रेम दोघींनाही मिळाले, परंतु ते दोन प्रकारचे होते. सुलोचनाबाईंवरचे प्रेम माजघरात शिरले, विठाबाईंवरचे प्रेम कनातीबाहेर आले नाही. यात सुलोचनाबाईंचा काही दोष नाही. त्यांनी प्रामाणिकपणे गाणे केले. दोष आहे तो आपल्या, म्हणजे श्रोत्यांच्या, वाटणीत. गोडी आपण फडावरून घेतली आणि मान मात्र पदर पाहून दिला.

या बाबतीत आजीशी माझे बोलणे झाले. तिला विठाबाईंचे नाव ठाऊक होते, पण त्यांचे गाणे ऐकलेले नव्हते. मी तिला बाळंतपणाची हकीकत सांगितली. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "माझा मोठा खाचरात झाला. लावणी चालू व्हती. तिसऱ्या दिवशी परत चिखलात उतरले. कोणी पेपरात नाय छापलं." मी वहीत हे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आहे. दोन लावण्या आणि दोन बाळंतपणे. तमाशातल्या बाईला 'तसली' म्हणणाऱ्या समाजात तिच्यासारखेच कष्ट उपसणाऱ्या बायका घरोघर होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख होऊ दिली गेली नाही. सुलोचनाबाईंचा आवाज हाच त्यांच्यामधला एकमेव दुवा ठरला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

शब्द कोणाचे?

आणखी एक आक्षेप लक्षात घ्यायला हवा. या लावण्या लिहिल्या पुरुषांनी, चाली लावल्या पुरुषांनी, चित्रपट काढले पुरुषांनी. बाईच्या मनातले म्हणून जे गायिले जाते ते खरे तर पुरुषाला ऐकावेसे वाटणारे असते. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण देते. अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या कष्टकरी लोकांचे म्हणून जे संगीत ओळखले जाते, त्यात लोरेटा लिन ही गायिका होऊन गेली. जन्म १९३२ चा, केंटकी राज्यातल्या एका कोळसा खाणकामगाराच्या घरातला. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत-बाहेर चार मुले. तिने स्वतःची गाणी स्वतः लिहिली. नवऱ्याचे दारू पिऊन येणे, सवत होऊ पाहणाऱ्या बाईला दम भरणे, बाळंतपणांचा कंटाळा, हे सगळे तिने उघड गायिले. संततिनियमनाच्या गोळीवरचे तिचे गाणे १९७५ साली आले तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावण्यास नकार दिला, तरी ते खपले. तिच्या चाहत्यांचा संघ कोलोरॅडोतल्या तिघी बहिणींनी १९६३ साली सुरू केला आणि अनेक वर्षे चालवला. १९७२ साली त्या क्षेत्रातला वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचे निधन झाले ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे सुलोचनाबाईंच्या दोन महिने आधी.

दोघी जवळजवळ एका वयाच्या, दोघींचे श्रोते खेड्यांतले आणि कष्टकरी. पण लोरेटाच्या चाहत्या स्वतःच्या नावाने संघ काढू शकल्या आणि आमच्या वाडीतल्या चाहत्या पोरग्याच्या हाती निरोप पाठवीत होत्या. लोरेटाने आपले शब्द गायिले आणि सुलोचनाबाईंनी दुसऱ्याचे. मग आमच्या बायकांना त्यांत आपले काय सापडले?

शेजारच्या वाडीतल्या एका बाईने याचे उत्तर दिले. ती म्हणाली, "शब्द कोणाचे का असेनात, ती बोलते कशी बघ. पाटलाला बरं आहे का विचारते, ते मान वर करून विचारते. आम्हाला पाटलापुढं तोंड वर करायची पण सोय नव्हती." हे उत्तर मला पटले. शब्दांचा अर्थ एक असतो आणि शब्द टाकण्याचा अर्थ दुसरा असतो. पुरुषांनी लिहिलेल्या ओळीत सुलोचनाबाईंनी जो ताठा भरला तो त्यांचा स्वतःचा होता. आमच्या बायकांनी ऐकला तो हा ताठा. प्रियकराची वाट पाहणारी बाई कवीची असेल, पण त्याला बाहेर ताटकळत ठेवणारा सूर गाणारणीचा आहे.

ऐकणे आणि गाणे

आता माझ्या स्वतःशी संबंध असलेली एक गोष्ट सांगते. गेल्या स्नेहसंमेलनात लावणी गाण्यासाठी मी नाव देणार होते. नाचण्याचा प्रश्न नव्हता, उभे राहून गायचे होते, सुलोचनाबाईंसारखेच. घरी विचारले. वडील रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "ऐकणं वेगळं आणि गाणं वेगळं. आपल्या घरातली पहिली पोर कॉलेजात गेलीय. लोक काय म्हणतील, पोरीला शिकवली ती याच्यासाठी?" वडिलांच्या फोनमध्येही लावण्या आहेत. कामावरून आले की ते त्या ऐकतात.

त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या घरात वही-पुस्तक आले ते माझ्यापासून. पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनीकडे सगळ्या गावाचे लक्ष असते. तिचे पाऊल घसरले तर तिच्यामागच्या दहा मुलींची शाळा सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वडिलांना माझी भीती नव्हती, लोकांची होती. मी नाव दिले नाही.

पण त्यामुळे या विषयातली गाठ मला नीट दिसली. "आवडते, पण छापू नको" म्हणणाऱ्या बायका, दार लावणारी सासू, पोराकरवी आलेली फर्माईश आणि "ऐकणं वेगळं" म्हणणारे वडील, यांत एकच सूत्र आहे. आपण गाणारणीवर प्रेम करतो ते ती आपल्या घरातली नाही या अटीवर. ती घरातली झाली की प्रेमाची जागा काळजी घेते. सुलोचनाबाईंचे मोठेपण असे, की ही अट त्यांनी स्वतःपुरती मोडून दाखवली. लग्नानंतर, संसार करीत, मुले वाढवीत त्या लावणी गात राहिल्या आणि पतीने ती शिकवली. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण हे नावाजलेले ढोलकीवादक झाले. म्हणजे त्या घरात लावणी ही लपवायची वस्तू नव्हती, ती घरची विद्या होती.

वडिलांचे बोलणे आजीने ऐकले होते. ती त्यांना एवढेच म्हणाली, "तिच्या बापानं तिला गाऊ दिलं नसतं, तर तू काय ऐकलं असतंस?" वडिलांनी उत्तर दिले नाही. अद्यापही दिलेले नाही.

निष्कर्ष

या छोट्या अभ्यासातून मला जे निष्कर्ष काढावेसे वाटतात ते असे. एक, लावणीचा इतिहास रचणाऱ्यांच्या नावांनी पुरा होत नाही. गाणारणी आणि ऐकणाऱ्या यांच्यावाचून तो अर्धाच राहतो. दोन, सुलोचनाबाईंच्या लोकप्रियतेचे कारण केवळ शृंगार नव्हे. स्वच्छ शब्द, नेमकी फेक आणि आवाजातला ताठा यांमुळे कष्टकरी बायकांना त्या आपल्या वाटल्या. तीन, हे प्रेम खरे असले तरी त्याला कुंपण होते, आणि त्या कुंपणाबाहेर फडावरच्या कलावंत स्त्रिया राहिल्या. सुलोचनाबाईंवर प्रेम करणाऱ्याने विठाबाईंचे ऋण नाकारू नये.

ज्यांनी कर्ण्यावर आणि रेडिओवर ही लावणी प्रथम ऐकली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. आपल्या महाविद्यालयात तालुक्याच्या खेड्याखेड्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांकडून एक गाणे, ते कुठे ऐकले, कोणाच्या चोरून ऐकले, एवढे जरी लिहून आणले, तरी कोणत्याही ग्रंथालयात नसलेला एक ग्रंथ तयार होईल. मराठीच्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

हा लेख छापून आल्यावर मी तो वडिलांना वाचून दाखवणार आहे, कारण मोठा मजकूर त्यांना सलग वाचता येत नाही. पुढच्या संमेलनाची यादी दिवाळीनंतर लागेल.